बायोप्सीत ग्रेड १, पण की-६७ नऊ टक्के. रिपोर्ट चुकलाय का?

मिरजेचा_पोरगा
आईची (वय ६१) मेंदूच्या आवरणातली गाठ गेल्या महिन्यात काढली. रिपोर्ट आला 'मेनिन्जिओमा, ग्रेड १'. गल्लीत पेढे वाटले. काल खालच्या ओळी वाचल्या : 'की-६७ : ९ टक्के, पीआर पॉझिटिव्ह'. नेटवर म्हणतात चारच्या वर गेलं की गाठ परत येते. आणि पीआर तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये बघतात ना? डॉक्टर गुरुवारी भेटणार. तोवर झोप लागेल असं वाटत नाही.

काचपट्टी
बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेय, म्हणून लिहिते.

पीआरचं आधी सोडून द्या. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं हे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं पेशीतलं प्रथिन, साध्या मेनिन्जिओमात सर्रास सापडतं. ग्रेड वाढला की ते कमी होत जातं. तुमच्याकडे आहे ते बरंच आहे.

की-६७ हे विभागणीच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन. अँटिबॉडी लावली की ती केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी. मग मोजायचं, आणि घोळ तिथेच. एकाच स्लाइडवर मी पाच म्हटलं, शेजारच्या सहकाऱ्याने अकरा. त्याने सगळ्यात दाट तपकिरी पट्टा धरला होता, मी सगळीकडची सरासरी.

म्हणून २०२१च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात नुसत्या की-६७वर ग्रेड ठरत नाही. बघतात ते माइटोसिस, म्हणजे प्रत्यक्ष दुभंगत असलेल्या पेशी. दहा हाय पॉवर फील्डमध्ये (मायक्रोस्कोपखाली खूप मोठं करून दिसणाऱ्या दहा भागांत) ४ ते १९ असले तर ग्रेड २, २० किंवा जास्त तर ३. गाठ मेंदूत घुसली असेल तरी २. आणखीही निकष आहेत. पण नऊ आकडा बघून मी स्लाइड परत लावली असती. मरणारी पेशी आकसून काळी पडते आणि हुबेहूब माइटोसिससारखी दिसते, तर कधी खरा माइटोसिसच नजरेतून सुटतो. पीएचएच३ नावाचा स्टेन, म्हणजे रंग, खरे तेवढेच रंगवतो. मी एकदा तीन मोजून ग्रेड १ लिहिणार होते, या स्टेनवर पाच निघाले.

एक सांगा, ऑपरेशनच्या आधी गाठीचा रक्तपुरवठा बंद केला होता का?

मिरजेचा_पोरगा
हो, दोन दिवस आधी मांडीतून तार घालून. का?

काचपट्टी
एम्बोलायझेशन. त्याने गाठीचा काही भाग मरतो, आणि मेलेल्या भागाच्या कडेला की-६७ वाढलेलं दिसू शकतं. तुमचे नऊ टक्के तिथलेच असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण स्लाइड बघणाऱ्याला हे माहीत हवं. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर लिहिलं होतं का?

नागपूरची_सून
दादा, सेकंड ओपिनियनला रिपोर्टची झेरॉक्स चालत नाही हं. ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या. सासऱ्यांच्या वेळी आम्ही नुसता कागद घेऊन गेलो नि परत आलो.

मिरजेचा_पोरगा
फॉर्मची कॉपी फाइलमध्ये सापडली. 'क्लिनिकल हिस्टरी'समोर फक्त 'एसओएल' लिहिलंय, म्हणजे नुसती 'जागा व्यापणारी गाठ'. उद्या ब्लॉक आणायला जातो.

काचपट्टी
एम्बोलायझेशनची तारीख अर्जावर स्वतःच लिहा. आणि माइटोसिस किती मोजले, ते विचारा.