जुन्या विश्वासू माणसाच्या कामाला हिशेबाची शिस्त कशी लावावी?

प्रश्न (सांवेर रोड, इंदूर)

सर्वांना नमस्कार. सांवेर रोडवर आमचा पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा कारखाना आहे. वडिलांनी तो उभा केला आणि गेल्या वर्षापासून मी तो पाहतो. आमच्याकडे २२ वर्षे भांडार सांभाळणारे एक काका आहेत. कागदाची रिळे मागवणे, धर्मकाट्यावर वजन करवून आणणे, वहीत नोंद करणे आणि शेवटी कतरण, म्हणजे कापून उरलेले कागदाचे तुकडे, विकणे ही चारही कामे तेच करतात. दिवाळीपूर्वी मोजदाद केली, तेव्हा वहीतली शिल्लक आणि प्रत्यक्ष रिळे यांत सुमारे १,४०० किलोंचा फरक निघाला. काकांनी काही गैर केले असेल असे मला वाटत नाही, पण मी नवी पद्धत लावली तर त्यांना तो अविश्वास वाटेल, अशी भीती आहे.

मध्यंतरी भारतीय विचार आणि व्यवस्थापन या विषयावरील एका व्याख्यानाला गेलो होतो. निष्काम कर्म आणि समत्व यांवर वक्ते तळमळीने बोलले, परंतु सोमवारी सकाळी भांडारात नेमके काय बदलावे, हे मला त्यातून उमगले नाही. आपल्याकडच्या जुन्या राज्यकारभारात किंवा पेढ्यांच्या व्यवहारात याविषयी काही ठोस सापडते का?

उत्तर १ (निवृत्त बँक निरीक्षक, रामबाग)

सापडते, आणि पुष्कळ सापडते. व्याख्यानांत बहुधा गीतेतला एकच श्लोक येतो आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला हिशेबाचा भाग तसाच राहून जातो, याची मला नेहमी हळहळ वाटते. त्या ग्रंथात अधिकाऱ्यांकडून होणाऱ्या अपहाराचे ४० प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला पहिलाच प्रकार असा, की आधी आलेली रक्कम वहीत नंतर दाखवायची. बँकेच्या तपासणीत ३० वर्षे मी जे शोधत होतो, ते मुख्यतः हेच. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे कामावर नेमलेला माणूस पैसा केव्हा घेतो हेही कळत नाही, असे तेथे म्हटले आहे. हे वाचून माणसांवर संशय घ्यावा, असा अर्थ मी काढत नाही. पाहून कळणारच नसेल, तर पाळत ठेवण्यात वेळ न घालवता कामाची मांडणीच अशी करावी की एकाच्या हाती सगळी साखळी राहणार नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो.

तशी मांडणी त्या ग्रंथात आहेच. महसूल गोळा करणारा समाहर्ता वेगळा आणि कोष व कोठारे सांभाळणारा संनिधाता वेगळा. आषाढात वर्षाचा हिशेब घेऊन येणाऱ्यांनी वह्या मोहोरबंद आणायच्या आणि तपासणी होईपर्यंत आपसांत बोलायचेसुद्धा नाही. शिवाय कोणत्याही खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत आणि ते कायमचे नसावेत, असेही सांगितले आहे.

शिवछत्रपतींच्या गडांवर हेच तत्त्व दिसते. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एका दर्जाचे अधिकारी, आणि धान्यसामग्रीचा हिशेब कारखानिसाकडे. गड एकाच्या स्वाधीन नसल्यामुळे एकटा माणूस फितला तरी गड जात नसे. आमच्या बँकेच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असत, एक रोखपालाकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. इतक्या वर्षांत माझ्याकडे दुसरी किल्ली आहे म्हणून एकाही रोखपालाला अपमान वाटल्याचे मला आठवत नाही, कारण ती व्यवस्था त्याच्यासाठी काढलेली नव्हती, त्या जागेसाठी होती.

आपल्यापुरते सांगायचे तर मागणी एकाने नोंदवावी आणि आलेल्या मालाचे वजन दुसऱ्याने करून घ्यावे. वही काकांकडेच राहू द्यावी. कतरणीच्या विक्रीची रक्कम मात्र थेट खात्यात जमा झाली पाहिजे.

उत्तर २ (लोकमान्य नगर, इंदूर)

दादा, माझे वडील महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर मुनीम होते. त्यांच्या बाजूने चार शब्द लिहिते, कारण अशा चर्चेत काकांसारख्यांचे म्हणणे कोणी मांडत नाही.

दुकान बंद होण्यापूर्वी रोज रोजमेळ व्हायचा. वडील कीर्दीतली जमा आणि नावे बाजू वाचून दाखवीत, शेटजी गल्ल्यातली रोकड स्वतःच्या हाताने मोजीत आणि वहीतली शिल्लक जुळली की त्याखाली रेघ ओढली जाई. एकदा ११ रुपये कमी भरले. शेटजी म्हणाले, राहू द्या, उद्या पाहू. वडील उठले नाहीत. तासाभराने आठवले की दुपारी गाठी उतरवणाऱ्या हमालाला हमाली दिली होती आणि ती लिहायची राहिली होती. घरी आल्यावर आईने उशिराचे कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आज ११ रुपयांवर रेघ ओढली असती, तर उद्या ११०० निघाल्यावर मी काय दाखवणार होतो?" रोजच्या रोज जुळणारी शिल्लक ही मुनिमाची ढाल असते, आणि आपल्या काकांना २२ वर्षांत ती ढाल कोणी दिलेली नाही. वर्षातून एकदा मोजदाद करून १,४०० किलोंचा फरक त्यांच्यासमोर ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मोठ्या उद्योगांतही हीच दृष्टी होती. बिर्लांच्या कारखान्यांत पडता नावाची पद्धत होती, तीत उत्पादनाचा खर्च आणि नफा यांचा हिशेब रोजच्या रोज मालकापुढे येई. आपण रोज संध्याकाळी १० मिनिटे काकांच्या शेजारी बसा आणि वही त्यांनाच वाचू द्या.

उत्तर ३ (संस्कृतचे अध्यापक, इंदूर)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही एक सावधगिरी सुचवतो. अर्थशास्त्रात अमात्यांची परीक्षा गुप्तपणे आमिष आणि भय दाखवून घ्यायला सांगितली आहे, हेरांचे तर स्वतंत्र अध्याय आहेत. तो राजसत्तेचा ग्रंथ आहे. त्यातला हिशेब घ्यावा, हेरगिरी कारखान्यात आणू नये. त्याचप्रमाणे 'कर्मण्येवाधिकारस्ते' हा श्लोक स्वतःच्या मनाला सांगण्यासाठी आहे; पगारवाढ मागणाऱ्याला तो ऐकवणे मला अधर्म वाटते.

आणि शिस्त मालकापासून सुरू झाली पाहिजे, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. होळकरांच्या राज्यात दौलत, म्हणजे राज्याचा खजिना, आणि खासगी, म्हणजे राजघराण्यातील स्त्रियांचे स्वतःचे उत्पन्न, अशी दोन वेगळी खाती होती. खासगीची जहागीर १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना मिळाली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. देशभरातील देवळे, घाट आणि धर्मशाळा यांवरचा खर्च त्यांनी या खासगीतून केला, दौलतीच्या तिजोरीला हात लावला नाही. स्वतः राज्यकर्त्या असताना, आणि तेही धर्मकार्यासाठी! आपल्या घरून भांडारातले काही नोंद न करता जाते का, हे आधी पाहावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. शेवटचे वाक्य वाचून वडिलांशी बोललो. उन्हाळ्यात शेजारच्या कारखान्याला त्यांनी फोनवरच्या शब्दावर दोन रिळे उसनी दिली होती, साधारण १,१५० किलोंची. काकांनी ती काढून दिली, पण मालकांनी सांगितल्याशिवाय वहीत उसनवारी कशी लिहावी, म्हणून नोंद केली नाही, आणि मोजदादीच्या दिवशी वडिलांचे नाव पुढे येऊ नये म्हणून गप्पही राहिले. हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली.

काल संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसलो आणि पहिली ओळ उसनवारीची लिहिली, खाली वडिलांची सही घेतली. वजनाला आता यंत्रावरचा एक मुलगा सोबत जाईल, हे मी सांगण्याआधी काकांनीच सुचवले. उरलेले २५० किलो कतरणीत असावेत असे त्यांचे म्हणणे आहे, कारण कतरण आजवर पोत्यांवर मोजून विकली गेली, काट्यावर कधी चढलीच नाही. पुढच्या गाडीपासून तिचेही वजन होईल.