आश्रयदात्याचा शब्द कुठवर चालत असे?

प्रश्न: फ्लॉरेन्समधील प्रबोधनकालीन चित्रांचे श्रेय आपण चित्रकाराला देतो, पण पैसे मोजणाऱ्याचे त्यात कितपत चालत असे?

प्रतिसाद १: पुष्कळच. १४८५ मध्ये तेथील अनाथालयाच्या वेदीचित्रासाठी (चर्चमधील वेदीवर लावायच्या चित्रासाठी) चित्रकार गिर्लांदायोशी ११५ फ्लोरिनांचा (फ्लोरिन म्हणजे फ्लॉरेन्सचे सोन्याचे नाणे) करार झाला, त्यात निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचाच वापरावा अशी लेखी अट होती, आणि काम तेवढ्या मोलाचे न वाटल्यास रक्कम कमी करण्याची मुभाही अनाथालयाच्या प्रमुखाने राखून ठेवली होती. (विश्वास बेताचाच!)

प्रतिसाद २: हे सर्वत्र लागू नाही. फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार कोझिमो मेदिची याने तेथील सान मार्को मठाच्या पुनर्बांधणीला पैसा पुरवला, त्यामागे व्याजबट्ट्याच्या पापाची टोचणी होती तसा दबदब्याचा हिशेबही असावा. तरी भिक्षू-चित्रकार फ्रा आंजेलिकोने तेथील भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्यांत काढलेली साधी भित्तिचित्रे मठवासीयांच्या ध्यानधारणेला साजेशीच आहेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे पैसा कोणाचा याइतकेच चित्र कोणासमोर राहणार हेही पाहायला हवे.