मदत हवी आहे: जुन्या युनिक्स सर्व्हरसाठी लिनक्सवर चालणारा टर्मिनल एम्युलेटर

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेतल्या एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटरचं काम मी बघतो. काउंटरची मशीनं विंडोज १० वर होती. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मशीनं इतकी जुनी की विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही. जेल रोडच्या कॉम्प्युटर दुकानांत विचारलं तर जो तो म्हणतो नवीन घ्या. चालती मशीनं भंगारात घालून त्यावर सभासदांचा पैसा खर्च करायचा नाही, असं संचालक मंडळाने ठरवलं. मलाही ते मनापासून पटलं. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. लिब्रे ऑफिस, मराठी-हिंदी टायपिंग, सगळं सुरळीत.

अडलंय ते खात्यांच्या प्रोग्रामपाशी. तो एससीओ युनिक्स या जुन्या सिस्टिमच्या सर्व्हरवर आहे, काउंटरवरून टेलनेटने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर काम करायची जुनी पद्धत) लॉगिन करायचं. त्यासाठी विंडोजवर विकतचा एम्युलेटर होता, म्हणजे सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड आपल्या मशीनवर उभा करणारा प्रोग्राम. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) तो उघडतो, पण प्रिंटर ओळखत नाही.

मिंटच्याच टर्मिनलमधून लॉगिन होतं, पण चौकटींच्या रेघांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एन्कोडिंग 'वेस्टर्न' केलं तर उभ्या रेघेच्या जागी बारीक तीनचा आकडा आणि आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला 'ए'. आमच्याकडे एफ१० दाबलं की व्हाउचर पोस्ट होतं, इथे टर्मिनलचा मेनू उघडतो. ती सेटिंग बंद केली तरी प्रोग्रामला एफ१० कळत नाही. काउंटरवरच्या ताई समोरच्याशी बोलता बोलता, कीबोर्डकडे न बघता एन्ट्री करतात. एक तारखेला पेन्शनवाल्यांची रांग लागलेली असताना त्यांनी नवी बटणं शिकायची, हे मला मान्य नाही.

सगळ्यात मोठा घोळ पासबुकाचा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काउंटरच्या मशीनलाच जोडलेला आहे. सर्व्हर आधी छपाई सुरू करायचा एस्केप कोड पाठवतो, मग नोंदी, मग बंद करायचा कोड. मधला मजकूर एम्युलेटरने प्रिंटरला द्यायला हवा. मिंटचं टर्मिनल तो पडद्यावरच ओततं.

हे सगळं जमणारा मुक्तस्रोत एम्युलेटर कोणी रोजच्या कामात वापरलाय का?

प्रतिसाद १:
पुट्टी (PuTTY) हा एम्युलेटर घ्या. लिनक्सवरही आहे, एमआयटी परवान्याचं आहे, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच मिळेल. 'कीबोर्ड'मध्ये फंक्शन कीजसाठी 'एससीओ' निवडा. 'ट्रान्सलेशन'मध्ये सीपी४३७ (CP437) हा जुना अक्षरसंच निवडा, तुमच्या रेघा त्यातल्याच आहेत. 'डेटा'मध्ये टर्मिनलचा प्रकार 'एक्सटर्म' असतो, तिथे 'स्कोअँसी' (scoansi) लिहा. आणि 'टर्मिनल' पानावर प्रिंटरची जागा आहे, लिनक्सवर तिथे छपाईची कमांड द्यायची: एलपीआर (lpr).

प्रतिसाद २:
एक्सटर्म (xterm) हा एम्युलेटरही हे करतो, त्यालाही एससीओचा कीबोर्ड आणि प्रिंटर कमांड आहे. पण सेटिंग फाइलमध्ये लिहावी लागते, काउंटरसाठी पुट्टीच बरं. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो हे मात्र विसरू नका. सर्व्हर आणि काउंटरचं नेटवर्क इंटरनेटपासून वेगळंच असू द्या.

धागाकर्ता:
दादा, फार मोठं काम झालं! रेघा जशाच्या तशा आल्या, एफ१० ने व्हाउचर पोस्ट झालं. नेटवर्क वेगळंच आहे. छपाईसुद्धा होते, पण अक्षर मोठं येतं, वर भरपूर समास सुटतो आणि दोन ओळींसाठी प्रिंटर पूर्ण पान ढकलतो. पासबुकात नोंद भलत्याच ओळीवर जाते.

प्रतिसाद १:
ते पुट्टीचं नाही, कप्सचं (CUPS, लिनक्सची छपाई सांभाळणारी यंत्रणा) आहे. तो मजकुराचं स्वतःच्या हिशेबाने पान मांडतो. एलपीआरला 'रॉ' ऑप्शन (-o raw) जोडा, म्हणजे सर्व्हरकडून आलेलं जसंच्या तसं प्रिंटरला जाईल. एका काउंटरवर नीट बसलं की सेशन सेव्ह करा. ते होम फोल्डरमधल्या 'पुट्टी' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतं, तो बाकीच्या मशीनवर कॉपी केला की झालं. प्रिंटरचं नाव मात्र सगळीकडे एकच ठेवा.