कलालाऊची वाट: शिस्त की अडवणूक?

पायपीट_एनजे: हवाईतल्या काउआई बेटावर जाऊन आलो. ना पाली किनाऱ्याची कलालाऊची वाट एकूण ११ मैलांची, आम्हाला फक्त पहिले दोन मैल, हानाकापीआईच्या पुळणीपर्यंत जायचं होतं. ही वाट हाएना स्टेट पार्कमधून सुरू होते, त्यालाही बुकिंग! ३० दिवस आधी खुलतं, मी आठवडाभर आधी बघितलं, सगळं भरलेलं. माणशी ५ डॉलर, पार्किंगचे १० वेगळे. हवाईचे रहिवासी मात्र ओळखपत्र दाखवून सरळ आत. समुद्रकिनारा काय कुणाच्या बापाचा आहे?

सह्यवेडी: बापाचा नाही, पण आजोबांचा असू शकतो. पार्किंगकडून समुद्राकडे फळ्यांच्या पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना पाण्यात उभं अळू दिसतं ना, ती तिथल्या लोकांची जुनी खाचरं. (फदफदं आठवलंच!) एप्रिल २०१८ मध्ये तिथे जवळच २४ तासांत १,२६२ मिमी पाऊस झाला. पुण्यात वर्षभरात एवढा पडत नाही. दरडी आल्या, रस्ता गेला, पार्क वर्षभर बंद. आधी रोज दोन हजारांवर माणसं यायची, रस्त्याच्या कडेने गाड्याच गाड्या. जून २०१९ ला उघडलं ते दिवसाला ९०० पाहुण्यांच्या मर्यादेनेच. आपल्या कासलाही माणसं मोजूनच सोडतात की.

घाटवाट७५: मर्यादा मान्य. पण हानाकापीआईच्या पुढे जायचं तर मुक्कामाचा परवाना लागतो, भले तुम्ही संध्याकाळी परत येणार असा! बाहेरच्याला माणशी रात्रीचे ३५ डॉलर. न झोपलेल्या तंबूचं भाडं कशाला?

सह्यवेडी: अहो, सातव्या मैलाजवळ एका बाजूला कडा आणि खाली समुद्र आहे. हौशी गर्दी तिथे नको म्हणून. आणि हानाकापीआईचा तो ओढा विसरलात? सकाळी गुडघाभर पाण्यातून जाल, वर डोंगरात पाऊस लागला की दुपारी तोच अंगावर येतो. २०१४ मध्ये शंभरावर लोक पलीकडे अडकले होते.

घाटवाट७५: ओढा दोन मैलांवर, परवाना त्याच्या पुढे. म्हणजे जिथे माणसं अडकतात तिथे साधं तिकीट चालतं! सुरक्षेचं कारण नका देऊ ताई, गर्दीचं द्या, ते पटेल.

सह्यवेडी: बरं, गर्दीचं.

कोकणी_माणूस: आमच्या गावच्या पुळणीवर शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्या वाळूत चालवतात. आम्हाला कुणी विचारलं नाही. मला ते ओळखपत्र बघून सरळ आत सोडणं फार आवडलं.

पायपीट_एनजे: दोन दर, दोन रांगा मला अजूनही खटकतात. पण डिसेंबरअखेरीचं शटलसकट प्रवेशाचं बुकिंग करणार आहे. हवाईत मध्यरात्री खुलतं, म्हणजे आमच्याकडे न्यू जर्सीत पहाटे पाच. गजर लावलाय. बायको म्हणते, एवढ्या पहाटे राजगडासाठी तरी उठला होतास का कधी?