‘मुळासकट उपटा’ म्हणणाऱ्यांना उत्तर : नको असलेले सॉफ्टवेअर नेमके किती खोलवर काढावे?

कातळसडा (रत्नागिरी) :
काल येथे एका सदस्याने संगणक निर्मळ ठेवण्याचा रामबाण उपाय म्हणून जे लिहिले, त्याचे सार असे : कोणताही प्रोग्राम आधी विंडोजच्या यादीतून अनइन्स्टॉल करावा, मग बाहेरचा एखादा अनइन्स्टॉलर चालवावा, त्यानंतर रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्राम यांच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारा रजिस्ट्री क्लीनर लावावा आणि शेवटी रजिस्ट्री उघडून त्या प्रोग्रामचे नाव जेथे सापडेल ती प्रत्येक नोंद हाताने पुसावी, असे न केल्यास संगणक दिवसेंदिवस मंद होत जातो. खाली अनेकांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली आहेत, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात आणि विंडोजला जी हवी असते ती नोंद ती थेट तिच्या पत्त्यावर जाऊन वाचते. काढून टाकलेल्या प्रोग्रामची नोंद कोणी वाचतच नसल्यामुळे तिच्याने वेग कमी होण्याचे काही कारण नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आपला पाठिंबा नाही असे जाहीर केलेले आहे. शिवाय सफाईचे साधन म्हणून जे आणतो तेही एक सॉफ्टवेअरच असते. 2017 साली सीक्लीनर या सफाई साधनाच्या 5.33 या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड मिसळला होता आणि ती सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर पोहोचली होती.

प्रोग्राम काढल्यावर पाहायचे ते एवढेच की, त्याचे काही मागे चालू राहिले आहे काय. सर्व्हिसेस (पडद्याआड चालणारे प्रोग्राम), टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी कामे सुरू करणारी सोय), स्टार्टअपची यादी, ब्राउझरमधील एक्स्टेन्शन, ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) आणि सर्टिफिकेट (संकेतस्थळ खरे असल्याची खात्री देणारे दाखले) या जागा तपासाव्यात. मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन यांतील बहुतेक जागा एकत्र दाखवते. ॲपडेटामध्ये, म्हणजे प्रोग्राम आपली सेटिंग्ज ठेवतात त्या जागी, एखादे रिकामे फोल्डर उरले तर उरू द्यावे. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेला संगणक मंद चालतो तो या फोल्डरमुळे नव्हे. त्याला एसएसडी बसवावी.

देवगडचा बागाईतदार :
आपण मोठ्या अधिकाराने लिहिले आहे, परंतु ऐन हंगामात ज्याच्या पेट्या वाशीला निघायच्या असतात आणि ज्याचे बिल निघत नसते, त्याच्या जागी आपण कधी उभे राहिलेले दिसत नाही. माझ्याकडील एका अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून मी तो यादीतून रीतसर काढला. नवा घालू लागलो तर ‘आधीचा अँटिव्हायरस अद्याप अस्तित्वात आहे’ असे सांगून तो अडून बसला. यादीत जुन्याचे नाव नाही आणि इंटरनेटही चालेना. अखेरीस त्याच कंपनीचे वेगळे काढणी साधन दुसऱ्याच्या संगणकावर उतरवून, पेनड्राइव्हने आणून, सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू करून) चालवावे लागले. आपण ज्याला ‘उरू द्यावे’ म्हणता, ते माझ्याकडे दारात आडवे पडले होते.

आणि नुसते पडून राहिलेलेही निरुपद्रवी नसते. 2015 साली लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीपासून घातलेले ‘सुपरफिश’ हे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर सापडले तेव्हा काय झाले, हे आपल्यासारख्या जाणकाराला ठाऊक असणारच. लोकांनी प्रोग्राम अनइन्स्टॉल केला, पण त्याने घातलेले रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर संगणक इतर दाखले खरे मानतो ते मूळ सर्टिफिकेट) तसेच राहिले, आणि त्याच सर्टिफिकेटच्या आधारे कोणीही बँकेच्या नावाने खोटे संकेतस्थळ उभे करू शकत होता. तेव्हा मुळासकट काढणे हा वेडेपणा नाही, तो मालकाचा हक्क आहे.

कातळसडा :
सर्टिफिकेट तपासा, असे मी वर स्पष्ट लिहिले आहे. आपण तोवर वाचलेत की नाही, याबद्दल शंका वाटते. अँटिव्हायरसचे आपले उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे, कारण त्याचे ड्रायव्हर आणि नेटवर्कमधील फिल्टर चालू राहिले होते, आणि ते काढले कंपनीच्या स्वतःच्या साधनाने. रजिस्ट्री क्लीनरने नव्हे.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले :
आपण दोघेही प्रोग्राम कसा काढावा यावर भांडत आहात, परंतु तो मुळात घातला कोणी, हे कोणीच विचारत नाही. नवा लॅपटॉप उघडावा तर त्यात तीस दिवसांचा अँटिव्हायरस, न मागितलेले खेळ, खरेदीची दोन-तीन ॲप आणि ‘आपले संगणक धोक्यात आहे’ असे व्याकरणही न सांभाळता ओरडणारी खिडकी हजर असते. पैसे मी पूर्ण मोजलेले आहेत. मग माझ्या टेबलावर या जाहिराती कोणाच्या परवानगीने बसल्या? मोफत प्रोग्राम उतरवावा तर ‘नेक्स्ट’च्या बटणाशेजारी आधीच टिचकी मारलेला चौकोन असतो आणि त्यातून आणखी दोन पाहुणे शिरतात. शिरताना एक टिचकी आणि निघताना सात प्रश्न, अशी ही रीत आहे. काढताना ‘आपण का जात आहात’ ही प्रश्नावली भरून देण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

मालवणचा दुरुस्तीवाला :
एवढ्या चर्चेचे मला नवल वाटते. ज्या संगणकात इतका कचरा झाला आहे, तो फॉरमॅट करावा आणि विंडोज नव्याने घालावी. सर्व्हिस शोधा, टास्क शोधा, सर्टिफिकेट शोधा, यात गिऱ्हाइकाचा दिवस जातो आणि माझाही. फॉरमॅट दुपारपर्यंत होतो आणि मशीन नवे असल्यासारखे चालते. माझ्या दुकानात आलेला कोणीही ‘कचरा राहिला’ म्हणून परत आलेला नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण, डीटीपी) :
कचरा राहिला म्हणून परत येत नसतील, पण कामाचे गेले म्हणून येणारे किती असतात, हेही एकदा लिहावे. माझ्यासारख्या बाईने 2021 च्या जुलैमधील पुरात कागदाचे सगळे गठ्ठे गमावलेले आहेत. वरच्या मजल्यावर हलवलेला एक संगणक तेवढा वाचला आणि पुढे तो एका दुकानात फक्त नको असलेला एक टूलबार काढण्यासाठी दिला. परत आला तो फॉरमॅट होऊन. ‘माय डॉक्युमेंट्सची कॉपी ठेवली आहे’ असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले. ती ठेवली होती हे खरे. परंतु माझी वीस वर्षांची कामे जुन्या, युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृती दाखवणाऱ्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट आणि त्याची टंकलेखन प्रणाली गेल्यावर देवस्थानचे अहवाल, लग्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, सगळे काही इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा होऊन समोर आले. फाइल आहे, पण वाचता येत नाही. त्या प्रणालीच्या परवान्याचे डोंगल (संगणकाला जोडायची किल्ली) माझ्याकडे होते. पण त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसेना.

मालवणचा दुरुस्तीवाला :
ताई, आपल्या त्या दुकानाचे पाप माझ्या माथी मारू नका. गिऱ्हाइकाला ‘काय काय ठेवायचे’ असे विचारले तर ‘सगळं ठेवा, पण सगळा कचरा काढा’ असे उत्तर येते. कचरा कोणता, हे त्यालाही माहीत नसते. नंतर मात्र बोलणी आम्ही खायची.

वाशिष्ठीकाठ :
माहीत नसते म्हणूनच तो आपल्याकडे येतो. फॉन्टचे फोल्डर, प्रोग्रामडेटा आणि ॲपडेटा यांत काय आहे ते न पाहता डिस्क पुसणे याला दुरुस्ती म्हणत असतील, तर आमच्याकडे पुराने तीच दुरुस्ती फुकटात केली होती.

देवगडचा बागाईतदार :
ताईंचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. माझ्या हिशेबाच्या प्रोग्रामची विदा (डेटा) सी ड्राइव्हवर त्याच्याच फोल्डरात असते आणि डॉक्युमेंट्समध्ये तिचा मागमूस नसतो. ती गेली तर व्यापाऱ्यांकडील येणी मी आठवणीवर वसूल करायची काय?

कातळसडा :
आता बागाईतदारांनी एका गोष्टीचा विचार करावा. अनेक अनइन्स्टॉलर विदा आणि सेटिंग्ज मुद्दाम मागे ठेवतात, कारण माणूस तोच प्रोग्राम पुन्हा घालण्याची शक्यता असते. आपण ज्याला मुळासकट काढणे म्हणता, त्यात हे फोल्डर सर्वांत आधी जाते. बाहेरचे अनइन्स्टॉलर ‘उरलेल्या फाइली’ म्हणून जी यादी दाखवतात, तिच्यावर ‘सिलेक्ट ऑल’ करणारा माणूस येणीही त्याच यादीबरोबर घालवतो.

आणि दुरुस्तीवाल्यांसाठी : फॉरमॅट केला म्हणजे सर्व गेले, हेही नेहमी खरे नसते. 2015 सालीच असे उघड झाले की काही लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (डिस्कवर नव्हे, तर यंत्रातील चिपमध्ये असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) कंपनीने सोय करून ठेवली होती आणि नव्याने घातलेल्या विंडोजवरही तिचा प्रोग्राम आपोआप परत बसत असे. तेथे बायॉस, म्हणजे हेच फर्मवेअर, अद्ययावत करावे लागले. कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनमधून (डिस्कवर तिने राखून ठेवलेल्या भागातून) विंडोज परत आणणाऱ्यांचे तर विचारूच नये, कारण मास्तरांचे सगळे पाहुणे त्या पार्टिशनमध्येच राहतात.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले :
याहून कडू उदाहरण 2005 सालचे आहे. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारे एक सॉफ्टवेअर लपून बसत असे. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ते उघडकीस आणले आणि हाताने काढले, तेव्हा त्यांचा सीडी ड्राइव्हच विंडोजमधून दिसेनासा झाला. कारण त्या सॉफ्टवेअरने स्वतःला ड्राइव्हच्या, रजिस्ट्रीत नोंदलेल्या ड्रायव्हरसाखळीत गुंफून घेतले होते. कंपनीने मग जे काढणी साधन दिले, त्यानेच संगणकाला नवे भगदाड पाडले.

देवगडचा बागाईतदार :
म्हणजे या उदाहरणात फाइली पुसून भागले नाही, रजिस्ट्रीतील नोंदही दुरुस्त करावी लागली, हे मास्तरांनीच सांगून टाकले. कातळसडा यांनी याची नोंद घ्यावी, अर्थात त्यांच्या रजिस्ट्रीत जागा असल्यास.

कातळसडा :
घेतली. जिवंत ड्रायव्हरची नोंद काढावीच लागते, एवढे मान्य आहे. मात्र ती कोणती हे रुसिनोविच यांना ठाऊक होते. कालच्या लेखात तर नाव दिसले की पुसा, असा सरसकट आदेश आहे, आणि आपण त्याचेच वकीलपत्र घेतले आहे.

देवगडचा बागाईतदार :
वकीलपत्र राहू द्या आणि कामाचे सांगा. डिजिटल स्वाक्षरीचे जुने टोकन (स्वाक्षरी साठवणारे, पेनड्राइव्हसारखे उपकरण) बाद झाले असून नवे दुसऱ्या कंपनीचे आहे. जुन्याचा प्रोग्राम अद्याप आहे आणि नवे टोकन लावले की कधी जुन्याचीच पिनची खिडकी उघडते. फॉरमॅट करणार नाही, कालच्या लेखाप्रमाणे करायला आता भीती वाटते.

कातळसडा :
प्रथम हिशेबाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे बिघडल्यास विंडोज आजच्या स्थितीत परत आणता येईल. ती सोय अनेक संगणकांवर बंद असते, तेव्हा आधी चालू करावी लागेल. दोन्ही टोकन काढून ठेवून जुन्याचा प्रोग्राम यादीतून काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडा, जुन्या टोकनचे नाव फिकट अक्षरांत दिसल्यास तेथून ते काढा आणि सर्व्हिसेसमध्ये त्याच्या कंपनीचे काही चालू आहे काय ते पाहा. मगच नवे लावा. रजिस्ट्रीला हात लावण्याची गरज बहुधा पडणार नाही.

मालवणचा दुरुस्तीवाला :
फॉरमॅटवाल्याचे ऐकायचे असेल तर एक भर घालतो. नव्या टोकनच्या प्रोग्राममध्ये ‘इनिशियलाइझ’ नावाचे बटण असते, ते कुतूहलाने दाबू नका. टोकनमधील स्वाक्षरीच पुसली जाते आणि ती पुन्हा विकत घ्यावी लागते. पिन सारखी चुकली तर टोकन कुलूपबंद होते, तेही ध्यानात असू द्या. आणि ताई, तो जुना फॉन्ट आणि डोंगल घेऊन कधी मालवणला आलात, तर माझ्याकडे विंडोज एक्सपीचे एक मशीन इंटरनेटशिवाय अजून चालू ठेवलेले आहे.

वाशिष्ठीकाठ :
येईन. मशीन मात्र मी येईपर्यंत फॉरमॅट करू नये.