व्हॅलिडेशन एररला ‘अवैध’ म्हणायचं का?

गोदाकाठ:
सोयाबीन खरेदीच्या नोंदणीचं ॲप करायलोय, मागं सर्व्हरला एक्सप्रेस आहे, जावास्क्रिप्टची फ्रेमवर्क. रिक्वेस्ट आली की मिडलवेअर, म्हणजे मधल्या टप्प्यावरचं फंक्शन, आधी तपासतं, काही चुकलं असलं तर तिथूनच एरर परत, पुढं जाऊच देत नाही. क्लायंटनं दिलेल्या यादीत इन्व्हॅलिडसाठी सगळीकडं ‘अवैध’ आहे. परभणीकडच्या एका काकांना ‘अवैध मोबाईल क्रमांक’ असं लाल अक्षरात दिसलं आणि त्यांनी नोंदणीच सोडली, पोराला म्हणले आपला नंबर बेकायदेशीर निघाला. दुसरा शब्द सुचवा. छोटा पाहिजे, रकान्याखाली बसला पाहिजे.

बालाघाटी:
काकांचं बरोबरच आहे. आपल्याकडं पेपरात ‘अवैध’च्या पुढं काय येतं? वाळू, दारू, सावकारी. गोदावरीच्या पात्रात रात्री हायवा उतरला की अवैध उपसा. त्याच माणसाला तुम्ही त्याच शब्दात त्याचा फोन नंबर दाखवायलात, तो घाबरणारच ना.

उदगीरवाला:
असं कसं म्हणता? जात वैधता प्रमाणपत्र कुणाला माहिती नाही? ज्या घरात बारावीनंतर ॲडमिशनची धावपळ झाली त्या घरात हा शब्द पाठ असतो. रिचार्जची वैधता २८ दिवस, हे तर रोजचं. चांगला मराठी शब्द आहे, लोक बिचकतात म्हणून टाकून द्यायला लागलो तर उद्या काहीच उरणार नाही, वापरला की रुळतो.

बालाघाटी:
आणि वजनकाटे तपासणारं खातं? वैध मापन शास्त्र. तिथं वैध म्हणजे कायद्याचं. मूळ ‘विधी’, त्याचा अर्थ कायदा पण आणि रीत पण, म्हणून दोन्हीकडं चालतो. ‘वैधता’ला माझी काहीच हरकत नाही. पण पुढं ‘अ’ लागला की बोलण्यात त्याला गुन्ह्याचाच वास येतो, ‘अवैध रिचार्ज’ कुणी म्हणतं का?

अंबाजोगाईची लेक:
‘अग्राह्य’ घ्या की. अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही, असं प्रत्येक जाहिरातीत तळाला असतंय. नाहीतर सरळ ‘त्रुटी’, तहसीलमध्ये त्रुटीची पूर्तता करा म्हणतात आणि पूर्तता केली की काम होतं, हे लोकांना माहितीय.

जुनी पेठ:
आमच्या आजोबांच्या तोंडी ‘खारीज’ होता, अर्ज खारीज झाला, दावा खारीज झाला. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, दफ्तर उर्दूत, तिथून आला तो राहिलाच. मूळ अरबी, बाहेर काढलेला. तुमचं मिडलवेअर दुसरं काय करतंय? दारातनंच बाहेर. ‘खर्च’ पण त्याच घरातला, खिशातून बाहेर गेलेला. इतका नेमका शब्द आपल्या मातीत असताना संस्कृत कामून शोधायचा?

उदगीरवाला:
खारीज म्हणजे विषय संपला, डिसमिस. नंबर दुरुस्त करून परत टाकता येतो त्याला खारीज कसं म्हणणार? आणि संस्कृत नको, अरबी चालेल, हा कुठला न्याय?

नांदेड बॅकएंड:
हा वाद सर्व्हरवर आणूच नका. मिडलवेअरनं फक्त फील्डचं नाव आणि कोणता नियम मोडला त्याचा कोड पाठवायचा, वाक्य स्क्रीननं ठरवायचं, म्हणजे शब्द बदलला तरी बॅकएंडला हात लावायला नको. आणि सगळ्या चुका एकदम पाठवा, एक दुरुस्त केली की दुसरी निघाली असं केलं तर माणूस वैतागून जातो. ४२२चंच बघा, मजकूर चुकीचा आला की सर्व्हर जो एचटीटीपी कोड परत पाठवतो तो, त्याचं नाव आधी अनप्रोसेसेबल एंटिटी होतं, २०२२च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या नियमावलीत अनप्रोसेसेबल कंटेंट झालं, आकडा तोच राहिला. अजून एक, एक्सप्रेसमध्ये एरर हँडलर, म्हणजे एरर हाताळणारं फंक्शन, सगळ्या राऊटच्या खाली लावा आणि त्याला चार पॅरामीटर द्याच. शेवटचा नेक्स्ट वापरत नसलात तरी लिहा, तीनच दिले तर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजतं आणि एरर तिथं येतच नाही.

अंबाजोगाईची लेक:
काकांनी आकडे मराठीत तर टाकले नव्हते? कीबोर्ड मराठी असला की ९८ असं पडतं. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला, म्हणजे मजकूर तपासायच्या साच्यातला, बॅकस्लॅश डी (आकड्याची खूण) फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, पायथन ३मध्ये तोच मराठी आकडे पण घेतो. काकांचे दहाच्या दहा आकडे बरोबर असतील आणि आपण त्यांना अवैध म्हणायलोत.

गोदाकाठ:
लॉग बघितला, मराठीच आहेत. दहा आहेत.

अंबाजोगाईची लेक:
मग आधी आकडे बदलून घ्या, तपासणी नंतर. नावाचा रकाना पण बघा. ‘फक्त अक्षरं’ म्हणून युनिकोडचा लेटर गट लावला असला तर ‘गंगाधर’ नापास होतो, कारण अनुस्वार आणि काना हे युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाहीत, मार्क आहेत. तो गट पण घ्यावा लागतो. मराठीत नाव लिहिणाऱ्याला त्याचं नावच चूक आहे असं सांगणं मला सहन होत नाही.

बालाघाटी:
म्हणूनच म्हणतो, विशेषण नकोच. ‘१० अंकी नंबर टाका’ एवढंच लिहा, काय करायचं ते त्याला कळतं.

उदगीरवाला:
विचारलं होतं इन्व्हॅलिडला शब्द काय. वाक्य बदला, हे त्याचं उत्तर नाही. शब्द लागतोच, डॉक्युमेंटेशन मराठीत लिहायला बसलात की कळंल.

जुनी पेठ:
डॉक्युमेंटेशनला खारीज.

उदगीरवाला:
लिहायचाच असला तर ‘खारिज’ लिहा, ऱ्हस्व. मूळ उच्चार तोच आहे.

जुनी पेठ:
मराठीत आला की मराठीचा नियम. गरीब, वकील, तसाच खारीज. तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दातली शेवटून दुसरी इ दीर्घच.