मदत हवी आहे : माइनक्राफ्टमध्ये वेरूळचे कैलास लेणे कोरताना प्रमाण कोणते घ्यावे आणि दगड कोणता?

नमस्कार मंडळी,

वेरूळचे १६ क्रमांकाचे लेणे, म्हणजेच कैलास, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणकीय खेळात वरून खाली कोरून काढण्याचे मी ठरवले आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला कातळ सुटा केला आणि शिखरापासून पायथ्यापर्यंत मंदिर कोरत आणले. सपाट जमिनीवर ठोकळे रचून तोच आकार साधता येईल. पण मग ते चार मंदिरांसारखे एक बांधीव मंदिर होईल आणि कैलासाचे मोठेपण ज्यात आहे तेच निघून जाईल, असे मला मनापासून वाटते. म्हणून आधी अखंड कातळाचा डोंगर भरून घ्यायचा आणि त्यानंतर केवळ दगड काढत जायचा, असा नियम मी घालून घेतला आहे. पूर्ण ठोकळ्याच्या जागी अर्धा ठोकळा किंवा पायरी ठेवणे या नियमात बसते, कारण त्यामुळे त्या जागेतला दगड कमीच होतो.

पहिला प्रश्न प्रमाणाचा आहे. मूळ प्रांगण सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद आणि मागच्या बाजूला ३० मीटरांच्या आसपास खोल आहे. खेळातला ठोकळा १ मीटरचा असल्याने मूळ मापात अधिष्ठानाभोवतीचा (मंदिराच्या जोत्याभोवतीचा) प्रत्येक हत्ती जेमतेम तीन ठोकळ्यांच्या उंचीत बसवावा लागतो आणि त्याची सोंड दाखवायला जागाच उरत नाही. दुप्पट मापात सोंड एका ठोकळ्याची होते, पण गंडस्थळाचा उठाव येत नाही. तिप्पट माप खेळातल्या ३८४ ठोकळ्यांच्या उंचीच्या मर्यादेत सहज मावते. मात्र उपसायचा दगड दुपटीच्या मानाने तिपटीहून अधिक होतो. शिवाय गोपुर, नंदीमंडप, सभामंडप आणि गर्भगृह एकाच अक्षावर असल्यामुळे या सर्वांची रुंदी विषम ठोकळ्यांची ठेवावी लागेल, नाहीतर नंदी मध्यरेषेवर बसणार नाही. सभामंडपातल्या १६ खांबांचे चार-चारांचे गट आणि त्यांमधला मोकळा मार्ग हे सारे या हिशेबात कसे बसवावे, हे कोणी केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

दुसरा प्रश्न दगडाचा. वेरूळचा कातळ बसाल्टचा, आणि खेळातही बसाल्ट आहे. परंतु त्याच्या पायऱ्या किंवा अर्धे ठोकळे मिळत नाहीत, त्यामुळे शिखराचे थर आणि कपोताची (छताच्या बाहेर आलेल्या कडेची) वळणे त्यात निघत नाहीत. टफ आणि कॉबल्ड डीपस्लेट या खेळातल्या दोन्ही दगडांत ते प्रकार मिळतात. माझा कल टफकडे आहे, कारण उन्हात दिसणाऱ्या करड्या कातळाशी तो अधिक जुळतो, तर डीपस्लेट फार काळा वाटतो. चिझल्स अँड बिट्स हा मॉड (खेळाला जोडायची भर) वापरल्यास एका ठोकळ्याचे १६×१६×१६ कण करून बसाल्टच कोरता येईल. पण एवढ्या मोठ्या कामात त्याचा संगणकावर किती भार येतो, याचा अनुभव कोणाला आहे का?

लांबी-रुंदीसाठी पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांच्या वेरूळवरील १८८३ च्या अहवालातला तळनकाशा समोर ठेवला आहे. तळनकाशावरून उंची कळत नाही, म्हणून प्रांगणाच्या तळापासून अधिष्ठान, मंडपाचे छत आणि ध्वजस्तंभ यांची मोजलेली उंची किंवा उभा छेद कोणाकडे असल्यास हवा आहे.

दगड पुढे वर्ल्डएडिटने (एकाच वेळी अनेक ठोकळे बदलणाऱ्या साधनाने) बदलता येईल, पण प्रमाण अर्ध्यावर बदलता येणार नाही. त्यामुळे शक्य असल्यास प्रमाणाविषयी आधी लिहावे, ही विनंती.